आरशाला हात लावायचा नाही

हिराने आधी दार लोटून घेतलं आणि खिडकीतून मागच्या व्हरांड्यात डोकावून पाहिलं. प्रियंका आणि सिस्टर डबे उघडून बसल्या होत्या. सिस्टर कुणाची तरी नक्कल करत होती आणि प्रियंका तोंडावर हात धरून हसत होती. म्हणजे अजून पंधरा-वीस मिनिटं नक्की. हिराने नव्या मायक्रोस्कोपवरचं निळं आवरण दोन्ही हातांनी उचललं, त्याची दुमड कुठल्या बाजूला आहे ते लक्षात ठेवलं आणि प्रियंकाच्या स्टुलावर जाऊन बसली. स्वतःच्याच लॅबमध्ये चोरासारखं! चोवीस वर्षं नोकरी केल्यावर ही पाळी आली होती बाईवर.

तिने बटण दाबलं. बुडाशी पांढराशुभ्र दिवा लागला. स्टेजवर सकाळचीच एक स्लाइड क्लिपमध्ये अडकवलेली होती, शंभरपट मोठं दाखवणाऱ्या लेन्सखालचा तेलाचा थेंब अजून ओला होता. हिराने दोन्ही आयपीसना दोन्ही डोळे लावले. तिला ते जरा विचित्रच वाटलं, कारण आजवर ती एकाच डोळ्याने पाहत आली होती, उजव्या, डावा मिटून. बारीक स्क्रू थोडासा फिरवल्याबरोबर सगळं समोर उघडलं, इतकं मोठं आणि लख्ख की तिच्या तोंडून "अग्गो बाय!" निघून गेलं.

आणि मग तिला डाग दिसला.

मधोमध नव्हता, जरा उजवीकडे होता. तेलकट बोट काचेला पुसावं तसा धुरकट. हिराने मान मागे घेतली, परत डोळे लावले. होता. नवीकोरी वस्तू, तीन महिने झाले नाहीत आणि लेन्स खराब! ओढणीच्या टोकाने पुसली असणार, नाहीतर तेल रात्रभर तसंच ठेवलं असणार. हिराच्या छातीत इतके दिवस जे काही अडकून बसलं होतं ते एकदम मोकळं झालं. तिने दिवा बंद केला, आवरण होतं तस्सं घातलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन मेथीची भाजी-भाकरी खाल्ली. त्या दिवशी भाकरी गोड लागली तिला.

खरं सांगायचं तर गेले तीन महिने हिराला काहीच गोड लागत नव्हतं. बोईसरच्या कारखान्यांच्या पट्ट्याला लागून असलेलं हे सरकारी आरोग्य केंद्र, आणि या केंद्रात ताप घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचणारी, ते रक्त काचेवर पसरून त्यात मलेरिया शोधणारी हिरा तामोरे. मुळात दातिवऱ्याची. आई पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकायची आणि पापलेटचा नुसता डोळा पाहून ते कालचं की परवाचं ते सांगायची. तीच नजर लेकीने उचलली असं गावात म्हणत. शिफ्टवरून उतरलेले कामगार खिडकीशी येऊन "दीदी, रिपोर्ट?" म्हणायचे आणि हिरा काय बोलेल ती पूर्वदिशा. तिचा मायक्रोस्कोप जुना, एका डोळ्याचा, दिव्याऐवजी बुडाशी गोल आरसा असलेला. खिडकीतला उजेड त्या आरशाने गोळा करून वर स्लाइडवर पाठवायचा. आरसा किती अंशात फिरवायचा हे तिच्या बोटांना पाठ होतं आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही हा लॅबचा कायदा होता. आयपीसच्या आत तिने स्वतःचा एक केस नेलपॉलिशच्या थेंबाने चिकटवला होता, बाणासारखा. जंतू सापडला की तो केसाच्या टोकाशी आणून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला दाखवता येतो. केस चिकटवला तेव्हा तिचं डोकं काळंभोर होतं.

आणि मग पावसाळ्यात खोक्यातून हा नवा आला. दोन डोळ्यांचा, विजेच्या दिव्याचा. डॉक्टर मेहुल सरांनी तो प्रियंकाच्या टेबलावर ठेवायला लावला. का, तर विजेचा पॉइंट तिच्या टेबलाजवळ आहे! पॉइंट काय भिंतीतच जन्माला आला होता? वायरमनला सांगून इकडे काढता येत नव्हता? हिराने हे कुणाला विचारलं नाही, पण रोज सकाळी ते निळं आवरण दिसलं की तिच्या पोटात दुखायचं. प्रियंका वरठा कंत्राटावर आलेली, पंचविशीची पोर, विक्रमगडकडच्या पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकलेली. शांत. उलट बोलायची नाही, त्यामुळे तर हिराचा जास्त जळफळाट व्हायचा. भांडली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. शिवाय हिराच्या जुन्या यंत्रातून हल्ली सगळं मंद दिसायला लागलं होतं. आरसा पुसला, लेन्स पुसल्या, तरी धुकं जाईना. जुनं झालं, दुसरं काय. आणि लख्ख उजेड कालच्या पोरीच्या टेबलावर!

तिने प्रियंकाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, शिकवणं तिला आवडायचं: "डाग दिसला की आधी कुणाला शिव्या द्यायच्या नाय. पयलं स्लाइड सरकव. डाग संगं सरकला तर स्लाइडवर हाय. नाय सरकला तर आयपीस फिरव. फिरला तर आयपीसवर. नाय फिरला तर लेन्स बदल. गेला तर लेन्सवर. तरी नाय गेला तर स्टेजखालची उजेडाची काच, कंडेन्सर, खाली घे, तिथं असंल." प्रियंकाने वहीत लिहून घेतलं होतं. त्या दुपारी मात्र हिराने यातली एकही पायरी केली नाही. डाग प्रियंकाचा आहे हे एकदा ठरल्यावर तो शोधत बसायची तिला गरज वाटली नाही.

जुन्यावरही अजून आपलीच नजर चालते याचा पुरावा तिच्याकडे होता. गेल्या महिन्यात दोनदा असं झालं की सकाळी ती येऊन बसते न बसते तोच प्रियंका म्हणाली, "ताई, तुमच्या स्टेजवर एक स्लाइड लावलीय. जरा बघता का? मला नीट कळत नाही." हिराने डोळा लावला तर पहिल्याच फटक्यात, केसाच्या अगदी टोकाशी, लाल ठिपका लावलेली निळी अंगठी. मलेरियाचा जंतू अंगठीसारखाच दिसतो. "डोळे फुटले का तुझे? समोर तर हाय! याला नजर लागते," हिरा मोठ्याने म्हणाली होती, ओपीडीपर्यंत ऐकू जाईल अशी. "हो ताई," प्रियंका म्हणाली. हिराने लगोलग जाऊन डॉक्टरांच्या कानावर घातलं की पोरीला साधी अंगठी ओळखता येत नाही, नव्या मशीनचा काय उपयोग. त्यातल्या एका सकाळी तिचा आरसाही फिरलेला होता, तेव्हा झाडणाऱ्या मैनाबाईला तिने फैलावर घेतलं. मैनाबाई म्हणाली, "माझ्या लेकराची आण ताय, मी फडका पन नाय लावला तिथं." हिराने काही ऐकून घेतलं नव्हतं.

अडीच वाजता डॉक्टर स्वतःच लॅबच्या दारात आले. त्यांच्या मागे एक बाई होती आणि तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून एक पुरुष उभा होता. ऑक्टोबरच्या उन्हात त्याने डोक्यावरून चादर घेतली होती.

"हा झिपरू. सोमवारी आला होता. रिपोर्ट निगेटिव्ह आहे आणि ताप एकशे तीन," डॉक्टर म्हणाले.

"रोज सांजंला थंडी भरते त्याला," बाई म्हणाली. ती त्याची बायको, नवसी. "गोधड्या टाकल्या तरी हालतो. गोळ्या देल्या त्या सगळ्या खाल्ल्या. काय फरक नाय. उद्या गावाला नेते मी, कापणी पन आली हाय."

दोघं बिल्डिंगच्या कामावर होती. झिपरूच्या पायांवर सिमेंट वाळून पांढरं झालं होतं. डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत वळले.

"झटपट तपासणीची किट उद्या येणार. सोमवारची स्लाइड आहे ना? प्रियंका, जरा नव्या मायक्रोस्कोपवर बघ."

हिराच्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांशी बोलताना ती शब्द सांभाळून बोलत असे, पण त्या वेळी ते राहिलं नाही.

"सर, ती मी बघितली हाय."

"हो हिराताई, पण एकदा बघू दे."

हिराची स्लाइड, हिराच्या पेटीतून काढून, हिरासमोर, त्या पोरीने बघायची! तिने पेटी उघडून स्लाइड दिली, देताना मात्र टेबलावर आपटली. प्रियंकाने तेलाचा थेंब टाकला, लेन्स खाली घेतली. सोमवारी आणि मंगळवारी ती आश्रमशाळेच्या कॅम्पला गेली होती, तिने ही स्लाइड पाहिलीही नव्हती. दोन मिनिटं गेली असतील. तिने मान वर केली नाही.

"सर, पीएफ आहे. अंगठ्या आहेत. बऱ्याच आहेत."

पीएफ म्हणजे मलेरियातला वाईट. वेळेवर औषध नाही मिळालं तर डोक्यात जातो. हिरा हसली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते हसणं मोठं निघालं.

"सर, त्या लेन्सवर डाग हाय डाग! मी आज दुपारी माझ्या डोळ्यांनी बघितला. डागाला अंगठी म्हणते ती. मी तुम्हाला मागंच बोलले होते, हिला समोरची अंगठी ओळखता येत नाय."

प्रियंकाने निळ्या आवरणाकडे पाहिलं, मग हिराकडे. 

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "हो, बोलला होतात तुम्ही," ते म्हणाले. "मी बघून मला काय कळणार, शेवटची स्लाइड कॉलेजात बघितली होती. मला कोळगावला जिल्ह्याच्या ऑफिसात मीटिंग आहे, तीनला निघतो. पीएफ असेल तर औषध आत्ता माझ्यासमोर सुरू करतो आणि याला इथेच ठेवून घेतो. नसेल तर बाकी तपासण्या लिहून देतो, जाऊ दे गावाला. हिराताई, तुम्ही सांगाल ते लिहीन मी. दहा मिनिटांत सांगा."

डॉक्टर गेले. हिराला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही: तिला आनंद झाला. तीन महिन्यांनी कुणीतरी तिच्या शब्दाला शब्द म्हटलं होतं. "ऊठ," ती प्रियंकाला म्हणाली आणि स्टुलावर बसली. आता या पोरीला अशी शिकवते की जन्मात विसरायची नाही.

"तुला पयल्या दिवशी काय शिकवलं होतं? बोल. डाग दिसला की पयलं काय?"

"ताई, तो पेशंट..."

"बोल!"

"स्लाइड सरकवायची."

हिराने डोळे लावले. डाग होताच, उजवीकडे, जागच्या जागी. तिने स्टेजचा स्क्रू फिरवला. स्लाइड सरकली, निळं-जांभळं सगळं वाहत गेलं. डाग हलला नाही.

"बघ! स्लाइडवर नाय. म्हणजे माझ्या स्लाइडचा दोष नाय. दुसरं?"

"आयपीस फिरवायचं."

हिराने उजवं आयपीस नळीत गोल फिरवलं, मग डावं. डाग फिरला नाही.

"तिसरं?"

"लेन्स बदलायची." प्रियंकाचा आवाज खाली गेला होता.

हिराने, तेल चाळीसच्या लेन्सला लागू नये म्हणून, उलट्या बाजूने फिरवून दहाची लेन्स आणली. शंभरची लेन्स बाजूला गेली. आता डाग जायलाच हवा होता. हिराने खात्रीने डोळे लावले. समोरचं सगळं लहान झालं होतं, डाग मात्र तेवढाच होता, तिथेच.

"चौथं," हिरा म्हणाली, जरा वेळाने.

"कंडेन्सर खाली."

तिने कंडेन्सर खाली घेतला. उजेड कमी झाला, वर घेतला, वाढला. डाग तिथेच.

चौथ्यानंतर पाचवं नव्हतं. तिने कुणाला शिकवलं नव्हतं, कारण तिला स्वतःलाच कधी लागलं नव्हतं. तिने प्रियंकाकडे पाहिलं. प्रियंका मायक्रोस्कोपकडे बघतच नव्हती, खाली फरशीकडे बघत होती. पोरीच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही असतं तर हिराने तिला तिथेच झाडली असती.

हिराने परत मान खाली घातली आणि शंभरची लेन्स तेलात आणली. मग, आपण काय करतो आहोत हे पुरतं कळायच्या आत, तिने उजवा डोळा मिटला.

डाग गेला.

तिने डावा मिटून उजवा उघडला. डाग आला. उजव्या नळीत काही असेल म्हणून ती स्टुलावर तिरकी झाली आणि उजवा डोळा डाव्या आयपीसला लावला. डाग तिथेही आला. डावा डोळा उजव्याला लावला. स्वच्छ. चोवीस वर्षांच्या नोकरीत तिने इतक्या काळजीने कुठलीच तपासणी केली नव्हती. आणि त्या स्वच्छ, कोऱ्या उजेडात डाव्या डोळ्यासमोर अंगठ्या होत्या. बारीक, निळ्या, लाल ठिपका लावलेल्या. एक. तिच्या खाली दोन. स्टेज सरकवलं तर आणखी तीन. सोमवारी हे सगळं इथेच होतं आणि तिने यावरून शंभर वेळा नजर फिरवून निगेटिव्ह लिहिलं होतं.

म्हणजे ते धुकं जुन्या मायक्रोस्कोपमध्ये नव्हतं.

ती उठून आपल्या टेबलाशी गेली, वाकली आणि जुन्या मायक्रोस्कोपच्या आरशात पाहिलं. तो आरसा खोलगट, जवळ गेलं की चेहरा मोठा करून दाखवतो. उजव्या डोळ्याच्या बाहुलीत दुधाळ काही होतं, की आता असल्यासारखं वाटत होतं, कोण जाणे. आई असती तर असा डोळा बघून मासळी शिळी म्हणून बाजूला टाकली असती.

दाराच्या फटीतून बाहेरचा बाक दिसत होता. झिपरूचे पांढरे पडलेले पाय थडथडत होते आणि नवसीने त्यावर आपल्या हातांचा दाब धरला होता. एक शब्द पुरे होता. निगेटिव्ह. डॉक्टर लिहिणार, ही दोघं जीपने वर गावाला जाणार, प्रियंका पुन्हा तोंड मिटून बसणार. लॅब हिराची ती हिराचीच. आणि पॉझिटिव्ह म्हटलं तर उद्यापासून खिडकीशी येणारे कुणाला हाक मारतील? हा विचार तिच्या मनात आला, येऊन थांबलासुद्धा. मग नवसीने पदराने झिपरूच्या ओठांच्या कडा पुसल्या. हिराने दार उघडलं आणि ती तरातरा ओपीडीत गेली, प्रियंकासाठी न थांबता.

"सर, पीएफ. पॉझिटिव्ह. पोरीनं बरोबर बघितलं. माझ्या नजरेतून सुटलं."

डॉक्टरांनी पेन उचललं. "आणि तो डाग?"

"तो लेन्सवर नाय."

डॉक्टरांना निघायची घाई होती, त्यांनी पुढे विचारलं नाही. झिपरूला पहिल्या गोळ्या त्यांच्यासमोरच दिल्या, सिस्टरने आतल्या खाटेवर झोपवलं. नवसी पाण्याचा ग्लास धरून हिराला म्हणाली, "बरा व्हईल ना ताई?"

"व्हईल. पन आता गावाला न्यायचा नाय. आज नाय, उद्या पन नाय."

लॅबमध्ये परत येईपर्यंत साडेतीन झाले होते. प्रियंका नव्या मायक्रोस्कोपची लेन्स कागदाने पुसत होती, तेलाचा टिपूस राहू नये म्हणून तीन-तीनदा. ओढणीने नव्हे. हिरा आपल्या जागेवर बसली.  मग प्रियंकाच म्हणाली, पाठमोरी:

"ताई, सॉरी. सोमवार-मंगळवार मी कॅम्पला होते ना, म्हणून ही राहून गेली."

"काय राहून गेली?"

प्रियंकाचा हात थांबला. बोलून गेली होती, आता मागे घेता येत नव्हतं.

"काय राहून गेली, प्रियंका?"

"तुमच्या स्लाइड... मी संध्याकाळी एकदा बघून घेते. तुम्ही गेल्यावर." ती अजूनही पाठमोरीच होती. "सगळ्या बरोबर असतात ताई. दोनच सुटल्या होत्या, मागच्या महिन्यात. त्यांना मी परत बोलावलं, नवीन रक्त घेतलं. औषध झालं त्यांचं. दोघंपण कामावर गेले."

हिराने जुन्या मायक्रोस्कोपकडे पाहिलं. मागच्या महिन्यात. दोन. ताई, जरा बघता का, मला नीट कळत नाही. केसाच्या अगदी टोकाशी. त्या पोरीने संध्याकाळी इथे बसून, हिराच्या केसाच्या टोकाला अंगठी नेमकी आणून ठेवली होती, म्हणजे सकाळी हिराच्या डोळ्याला ती चुकूच नये. आणि हिराने काय केलं होतं? डॉक्टरांकडे जाऊन चहाडी. आज डॉक्टरांनी प्रियंकाचा शब्द घेतला नाही तो त्याच चहाडीपायी, आणि त्याच चहाडीपायी झिपरू आज गावच्या जीपमध्ये बसला असता, थोडक्यात राहिला.

आणि आरसा! संध्याकाळी ऊन पलीकडच्या खिडकीत जातं. आरसा फिरवल्याशिवाय जुन्यात काही दिसणं शक्यच नव्हतं. मैनाबाईने बिचारीने लेकराची आण घेतली होती.

हिरा उठली. कपाट उघडून तिने आपल्या निगेटिव्ह स्लाइडच्या पेट्या खाली काढल्या, जुलैपासूनच्या. महिन्याच्या शेवटी सगळ्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हमधल्या दहातली एक, अशा स्लाइड फेरतपासणीला कोळगावला जातात. तो नियम.

"उद्याच्या टपालाला या घाल," ती म्हणाली.

"यातल्या कुठल्या, ताई?"

"सगळ्या."

"सगळ्या?" प्रियंका वळली. "पण मी बघितल्यात ना. आणि सगळ्या पाठवल्या तर ते विचारतील का म्हणून. तुमचं नाव जाईल."

"मग काय तुझं जायला पायजे? तू बघतेस ती नवी मशीन आल्यापासून. त्याच्या आधीपासून मला धुकं दिसतंय." हिराने आणखी एक पेटी काढली, जूनची. मग मे महिन्याची. फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढला आणि तपासणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायला लागली, एकेका फॉर्मवर, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तिसऱ्या फॉर्मला तिने पेन खाली ठेवलं.

"आणि एक ऐक. तुला ती मशीन दिली म्हणून माझ्या पोटात दुखत होतं. अजून पन दुखतंय. उगाच मला देवी बिवी समजू नको."

"मला माहीत होतं, ताई," प्रियंका म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पोटात दुखतं ते. सगळ्यांनाच माहीत होतं. मैनाबाईंना पण."

हिराने तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि मग तिला हसू आलं. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते तिने चष्मा नसतानाही चष्मा वर सरकवल्यासारखं करून पुसलं. प्रियंकाने तेवढा वेळ लेन्स पुसली, जी केव्हाच पुसून झाली होती.

साडेचार झाले तेव्हा शेवटच्या दोन स्लाइड उरल्या होत्या, त्या दिवशीच सकाळी घेतलेल्या, न पाहिलेल्या. प्रियंकाने विचारलं, "मी बघू का या? इकडे बसून तुम्ही पण बघा ना, मी उठते."

"नको. पयली मी माझ्यावर बघते. मग तू तुझ्यावर बघ. संध्याकाळी लपून नाय, माझ्यासमोर."

हिराने स्लाइड क्लिपमध्ये अडकवली, तेल टाकलं आणि उजवा डोळा मिटून डावा आयपीसला लावला. डाव्याला सवय नव्हती, नाक मध्ये येत होतं, मान कुठे ठेवावी कळत नव्हतं. आत नुसता अंधार होता. ऊन पलीकडच्या खिडकीत गेलं होतं आणि तिचे दोन्ही हात स्लाइड आणि स्क्रू धरून बसले होते. प्रियंका शेजारी येऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून, या टेबलाशी उभी राहताना राहायची तशी.

"उजेड नाय," हिरा म्हणाली, डोळा न काढता. "आरसा फिरव."

प्रियंका हलली नाही.

"फिरव की. कुठं फिरवायचा ते काय आता मी सांगू तुला?"